पाठीमागे बांधलेले हात

मी पहिल्यांदा पेशंटला बधिर करण्याचं इंजेक्शन दिलं तेव्हा ताईचे दोन्ही हात तिच्या पाठीमागे होते. डाव्या मुठीत उजवं मनगट घट्ट धरलेलं. मला ते दिसत नव्हतं, कारण ती माझ्या मागे उभी होती. पलीकडच्या खुर्चीवर स्केलिंग, म्हणजे दातांची सफाई, करणाऱ्या मैत्रिणीने नंतर सांगितलं, "अगं, तिने स्वतःलाच अटक केल्यासारखी उभी होती ती."

२०१७ चा पावसाळा सरत आला होता. बीडीएसची, म्हणजे दातांच्या डॉक्टरकीची, पहिली दोन वर्षं आम्ही मेण, प्लास्टर आणि फँटम हेडवर, म्हणजे सरावाच्या नकली डोक्यावर, बसवलेल्या खोट्या दातांबरोबर काढली होती. मेणाच्या ठोकळ्यातून दाढ कोरताना ठोकळा मोडला तर दुसरा घ्यायचा. थर्ड इयरला क्लिनिक सुरू झालं आणि खुर्चीत एकदम माणूस आला. त्याला लाळ येते, त्याची जीभ मध्ये येते, तो आपल्या डोळ्यांकडे बघत असतो. माझे पहिले पेशंट मशीद बंदरला हातगाडी ओढणारे पन्नाशीचे काका होते. खालची उजवी पहिली दाढ, आमच्या भाषेत फोर-सिक्स, हिरडीच्या आजाराने हलू लागलेली. हा पेशंट योगायोगाने माझ्या वाट्याला आलेला नव्हता. ताई माझी सीनियर, तेव्हा इंटर्न होती. सकाळपासून ओपीडीच्या टेबलाजवळ उभी राहून तिने एकेक केसपेपर चाळला होता आणि माझ्यासाठी हे काका निवडले होते. दाढ हलणारी, बीपी ठीक, साखर नाही, स्वभाव शांत. हे मला तेव्हा कळलं नाही. आपण एखादीला पेशंट देतो तेव्हा किती गोष्टी आधी बघाव्या लागतात, ते मला स्वतः इंटर्न झाल्यावर उमगलं.

आमच्याकडे सीनियरला 'मॅम' म्हणायची पद्धत. ही पहिल्याच दिवशी म्हणाली, "मॅम त्या तिकडे बसल्यात, सही करणाऱ्या. मला ताई म्हण." त्या एका शब्दाने मला केवढं मोकळं केलं! मॅमना एकच शंका दोनदा विचारता येत नाही. ताईला चारदा येते.

खालचा जबडा बधिर करायचं ते इंजेक्शन, आमच्या भाषेत ब्लॉक, पुस्तकात दीड-दोन पानांत मावतं. अंगठ्याने जबड्याच्या हाडाच्या पुढच्या कडेवरची खाच चाचपायची. गालाच्या आत, तोंड उघडल्यावर ताणली जाणारी उभी घडी बघायची. सिरिंज विरुद्ध बाजूच्या उपदाढांवरून आणायची. सुई साधारण २० ते २५ मिलिमीटर आत गेली की हाड लागतं. मग जराशी मागे घ्यायची, दट्ट्या ओढून रक्त येत नाही ना ते पाहायचं आणि औषध सावकाश सोडायचं. मला हे सगळं पाठ होतं. तोंडी परीक्षेत विचारलं असतं तर न अडखळता म्हटलं असतं.

आदल्या दिवशी दुपारी ताईने मला हॉस्टेलवर बोलावलं. हाडांच्या संचातला कोरडा जबडा तिने माझ्या हातात दिला. आतल्या बाजूचं ते छिद्र, जिथून नस हाडात शिरते, आणि त्याच्यापुढचा हाडाचा छोटा उंचवटा. "डोळे मिटून बोट फिरव," म्हणाली. मी फिरवलं. दहा-बारा वेळा. मग ती उठली, चूळ भरून आली, मला हातमोजा दिला आणि खुर्चीत बसून तोंड उघडलं. "आता माझ्या तोंडात शोध. हाडावर मांस असलं की खाच कशी लागते ते बघ."

मी थबकले. आपल्या सीनियरच्या गालात अंगठा घालायचा? तिने तोंड मिटलं आणि शांतपणे सांगितलं, "उद्या काकांच्या तोंडात घालणार आहेस ना? मग आधी माझ्या तोंडात चूक कर."

मी अंगठा ठेवला. तिने मान हलवून नाही म्हटलं. थोडा वर. नाही. मग एकदम त्या खोबणीत अंगठा बसला आणि तिने डोळ्यांनीच हो म्हटलं. ती खोबण माझ्या अंगठ्याला आजही आठवते. पुढे शेकडो जबडे चाचपले, पण मापाचा जबडा ताईचाच राहिला.

या ब्लॉकचा इतिहास वाचला तेव्हा मला तिची आठवण आली होती. १८८४-८५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉलस्टेड आणि त्यांचे सहकारी कोकेन टोचून नसा बधिर करण्याचे प्रयोग करत होते, आणि ते प्रयोग त्यांनी स्वतःवर आणि एकमेकांवर केले. त्याची जबर किंमतही मोजली. हॉलस्टेड त्या कोकेनच्या आहारी गेले. आज आपण लिग्नोकेन वापरतो, तो धोका राहिलेला नाही. पण पेशंटच्या आधी आपल्यातल्याच कुणीतरी तोंड उघडून बसायचं, हे या विद्येच्या मुळाशीच आहे असं मला वाटतं.

"सुई हाडाला लागली हे कळणार कसं?" मी विचारलं होतं. पुस्तकात 'हाडाचा स्पर्श जाणवेपर्यंत' एवढंच लिहिलंय. ताईने थोडा विचार केला. "पाटीवर पेन्सिल टेकवतेस ना, लिहायच्या आधी? तसं. ढकलायचं नाही. टेकवायचं."

हे वाक्य सरांकडून आलं नसतं. सर वाईट शिकवतात म्हणून नव्हे. आमच्या सरांचा हात इतका सुंदर होता की बघत राहावं. पण त्यांनी हजारो ब्लॉक दिले होते. हाड लागणं म्हणजे काय, हा प्रश्न पडायचा काळ त्यांच्या मागे वीस-पंचवीस वर्षं राहिला होता. सायकल शिकलेल्या माणसाला तोल कसा सांभाळतोस विचारलं तर तो 'असा' म्हणून चालवून दाखवतो. ताईला तोल सापडून दोन वर्षं झाली होती. ती कुठे पडली, कोणता गुडघा फुटला, हे तिला अजून आठवत होतं. तिची पहिली सुई हाडाला लागलीच नव्हती, फार मागे गेली होती, आणि पेशंटचा ओठ बधिर झाला नव्हता, हे तिने मला आधीच सांगून टाकलं होतं. वर हेही सांगितलं की अनुभवी हातांनाही हा ब्लॉक दर वेळी लागत नाही, पाठ्यपुस्तकंच १५ ते २० टक्के अपयश धरतात. "नाही लागला तर रडायचं नाही. काकांना सांगायचं, अजून एक द्यावं लागेल."

दुसऱ्या दिवशी ती मागे उभी राहिली. मी अंगठा ठेवला. सुई आत गेली. माझा हात थरथरत होता, आणि काकांच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता. पेन्सिल टेकली. त्या एका क्षणात ताईने माझ्या कोपराला हात लावला असता, 'थोडं डावीकडे' म्हणत सिरिंज धरली असती, तर ते इंजेक्शन तिचं झालं असतं. ती फक्त हळू आवाजात म्हणाली, "श्वास सोड." मी सोडला. औषध सोडलं. मग आम्ही तिघंही पाच मिनिटं गप्प.

"काका, ओठ जड झाला का?"

काकांनी ओठाला बोट लावलं, पुन्हा लावलं. "जड म्हंजे... माझा न्हाईच वाटत."

दाढ निघाली, तीही माझ्याच हातून. खालच्या उजव्या बाजूसाठी पेशंटच्या मागे उभं राहायचं असतं, तेवढ्यापुरतं ताईने माझे खांदे धरून मला फिरवलं. मी बुटकी, म्हणून पायाखाली लाकडी पाट सरकवला. त्या दिवशी तिने कुणाला हात लावला असेल तर तो मला आणि पाटाला. पेशंटला नाही.

आता वहीबद्दल.

ताईकडे एक शंभर पानी वही होती, तपकिरी कव्हर घातलेली. मला वाटलं होतं तिच्यात नोट्स असतील. तिच्यात फक्त बोलायची वाक्यं होती. आम्ही सगळं इंग्रजीत शिकतो, आणि मुंबईच्या ओपीडीत खुर्चीत बसतात ते कसारा-कर्जतहून पहिली लोकल पकडून आलेले, भेंडीबाजारातले, लालबागच्या चाळीतले, उत्तर प्रदेशातून आलेले, गुजराती बोलणारे. मुंबई सेंट्रलचं नायर घ्या, १९३३ पासूनचं, नाहीतर सेंट जॉर्जेसच्या आवारातलं सरकारी घ्या. दातांच्या कॉलेजात येणारी माणसं कमी खर्चात दुखणं जावं म्हणून शिकाऊ हातांवर भरवसा ठेवून येतात. त्यांना 'हायपरटेन्शन आहे का' विचारून चालत नाही. ताईच्या वहीत लिहिलं होतं:

"बीपीची गोळी चालू आहे का? *आज* घेतलीत का?" त्यातला 'आज' अधोरेखित. इंजेक्शन द्यायचंय म्हणून गोळी न घेता येणारे खूप.

"रक्त पातळ करायची गोळी? हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेली, छोटी?"

"सकाळपासून काय खाल्लंत?" याच्यापुढे कंसात: चहा म्हणजे खाणं नव्हे. पहिल्या लोकलने उपाशी आलेला माणूस सुई बघून चक्कर येऊन पडतो, आणि पोरं घाबरतात. खुर्ची आडवी करायची, पाय वर घ्यायचे, बोलत राहायचं.

"होंठ भारी हुआ क्या?" "दुखे छे?"

"वरची दाढ काढली की नजर जाते का?" हा प्रश्न आठवड्यातून दोनदा यायचाच. वहीत उत्तर होतं: नाही. दातांची नस वेगळी, दिसण्याची नस वेगळी. हसायचं नाही, त्यांच्या आईने त्यांना तसं सांगितलेलं असतं.

"दात साफ केले की हलायला लागतात ना?" उत्तर: आधीच सुटलेले असतात, मधल्या दगडाने धरून ठेवलेले असतात. दगड काढला म्हणून कळलं.

मिश्री लावणाऱ्या आजींशी कसं बोलायचं, यावर पूर्ण पान होतं. पहिल्या भेटीत 'सोडा' म्हणायचं नाही. कधीपासून लावता, कुणी शिकवलं, असं विचारायचं. गुटखा खाणाऱ्या, तोंड दोन बोटंही उघडत नसलेल्या मुलांसाठी वेगळं पान. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी ती मुलं येतच राहिली.

शेवटचं पान: "'दुखेल का?' असं विचारलं तर 'नाही' म्हणू नका. 'दाब जाणवेल, दुखलं तर डावा हात वर करा, मी थांबेन' म्हणा. आणि हात वर झाला तर खरंच थांबा."

इंटर्नशिप संपवून जाताना तिने ती वही माझ्या हातात ठेवली. सीनियर धाकट्यांना किट देतात, कवळी जुळवायचा आर्टिक्युलेटर देतात, कवळीच्या पेशंटचे फोन नंबर देतात. मला वही मिळाली.

आपल्या पंतोजींच्या शाळांत मोठी मुलं लहानांची धुळाक्षरं गिरवून घ्यायची. अँड्र्यू बेल नावाचे पाद्री मद्रासमध्ये लष्करी अनाथ मुलांची शाळा चालवत होते. मलबारी मुलं वाळूत बोटांनी अक्षरं काढताना त्यांनी पाहिली, वाळूचा तोच प्रकार आपल्या शाळेत आणला आणि मोठ्या मुलांना धाकट्यांचे शिक्षक केलं. १७९७ मध्ये त्यांनी त्यावर लंडनमध्ये पुस्तक काढलं आणि तिकडे ती 'मद्रास पद्धत' म्हणून गाजली. गंमत म्हणजे आता आमच्या क्षेत्रात हीच गोष्ट बाहेरून नवी म्हणून येते, यादी लागते, अमुक ज्युनियरला तमुक मेंटर. यादी असू द्यावी, तिच्यामुळे कुणी एकटं पडत नाही. सीनियर-ज्युनियर नात्याची दुसरी बाजूही आपल्या राज्याने पाहिली आहे, म्हणून १९९९ मध्ये रॅगिंगविरोधी कायदा करावा लागला. पण तोंड उघडून 'आधी माझ्या तोंडात चूक कर' म्हणणारी माणसं यादीने मिळत नाहीत. ती रीत एकीकडून दुसरीकडे जाते, आधी कुणीतरी आपल्यासाठी तसं केलेलं असतं म्हणून. आणि हे नातं तुटायला फार वेळ लागत नाही. मी ते तोडलं आहे.

२०१९ चा नोव्हेंबर. मी इंटर्न. माझ्याकडे थर्ड इयरची एक मुलगी होती, शांत, सावकाश काम करणारी. खुर्चीत भायखळ्याहून आलेल्या मावशी, खालची डावी दाढ. ब्लॉक तिने छान दिला होता. दाढ मात्र हलेना. ती एलिव्हेटर लावून दाढ सैल करू पाहत होती, थांबत होती, पुन्हा फोर्सेप्सचा चिमटा लावत होती. मावशी कण्हल्या. बाहेर रांग होती. माझं जेवण राहिलं होतं. मी म्हटलं, "दे इकडे."

तिने फोर्सेप्स माझ्या हातात दिला. मी एका मिनिटात दाढ काढली. मावशी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "देव भलं करो गं तुझं." ती मुलगी बाजूला बोळा घेऊन उभी होती. तिच्याकडे मावशींनी पाहिलंही नाही.

मला त्या वेळी वाटलं मी मदत केली. वर म्हटलं, "तुझ्याच कोट्यात लिही, सरांना मी सांगते." तिने ठरलेल्या केसेसचा कोटा लिहायची आपली नोंदवही उघडली, तारीख घातली आणि पुढची ओळ कोरी ठेवली. "थँक्यू, मॅम," म्हणाली. तोपर्यंत ती मला ताई म्हणत असे.

त्या ओळीवर तिने काही लिहिलं नाही. पुढच्या आठवड्यात दुसरी दाढ स्वतः काढून तिची नोंद त्याखालच्या ओळीवर केली. मी हे पाहिलं आणि काही बोलले नाही. माफी मागायला हवी होती. तिची दाढ निघत नव्हती असं नाही, तिला वेळ हवा होता, आणि दुसऱ्याला वेळ देताना आपला जीव किती कासावीस होतो हे मला तेव्हा कळलं. ताईचे हात मागे का होते, मनगट एवढं घट्ट का धरलं होतं, तेही कळलं. नुसतं बघत उभं राहणं हे दाढ काढण्याहून अवघड काम आहे, आणि त्याला कोटा नाही, सही नाही. अर्थात मूळ तुटलं, रक्त थांबेना, तर क्षणभरही न दवडता सरांना हाक मारायची, त्यात दुमत नाही. पण मावशींचं तसं काहीच झालं नव्हतं. मला घाई होती.

जानेवारीत मी ताईची वही त्याच मुलीला दिली. दुसरं काय द्यावं सुचलं नाही. ती म्हणाली, "मी जपून ठेवीन, मॅम."

मार्चमध्ये सगळं बंद झालं. दात पोखरणाऱ्या एअरोटरमधून पाण्याचा फवारा उडतो, त्याच्याबरोबर लाळही उडते. दातांचं काम हे त्या साथीत सर्वात आधी थांबवावं लागणारं काम होतं. आम्हा इंटर्नांच्या कोविड ड्युट्या लागल्या. ओपीडीच्या खुर्च्यांवर प्लास्टिक घातलं गेलं.

२०२१ च्या अखेरीस मी पीजी म्हणून परत आले तेव्हा थर्ड इयरची मुलं क्लिनिकमध्ये उभी होती ती आम्ही उभे राहायचो तशी नव्हती. हुशार होती, ऑनलाइन लेक्चर्स कोळून प्यायलेली. पण त्यांनी कुणाला काम करताना जवळून पाहिलंच नव्हतं. सेकंड इयरला असताना आम्ही उगीच क्लिनिकच्या दारात घुटमळायचो, सीनियरची सक्शन धरायचो, बोळे वळायचो. त्या घुटमळण्यात किती शिकलो होतो ते या मुलांकडे बघून समजलं. मे महिन्यात दातांचं माप घ्यायच्या अल्जिनेट पावडरीला फ्रिजचं पाणी घ्यायचं, नाहीतर ट्रे तोंडात जाण्याआधीच ते घट्ट होतं. सातव्या खुर्चीच्या दिव्याचा हात खाली येतो, त्याला खुंटीला गाठ मारायची. कवळीच्या मापासाठी कंपाउंड गरम पाण्यात मऊ केलं की आधी आपल्या मनगटावर लावून बघायचं, मगच आजोबांच्या तोंडात. कुठेच लिहिलेलं नाही हे. एका बॅचने पाहिलं नाही म्हणून जवळजवळ गेलंच होतं.

मी त्यांच्याबरोबर दुपारी थांबू लागले. कोरडा जबडा आणला. मास्क, फेसशील्ड, सगळ्यांच्या मनात धास्ती. एकमेकांच्या तोंडात अंगठा घालायला सांगणं त्या काळात सोपं नव्हतं. टेस्ट करून, दारं-खिडक्या उघड्या ठेवून, आधी मी खुर्चीत बसले.

एका दुपारी थर्ड इयरच्या एका मुलाच्या एप्रनच्या खिशातून तपकिरी कोपरा डोकावताना दिसला. मी मागितली. तीच वही. कव्हर फाटलं होतं, त्याला सेलोटेप. "इंटर्न ताईंनी दिली," तो म्हणाला. माझी ज्युनियर आता इंटर्न झाली होती, आणि तिला ताई म्हणत होते.

मी पानं उलटली. ताईचं अक्षर. मध्ये माझं, तीन-चार वाक्यं. पुढे तिचं. तिने खूप भर घातली होती. "मास्क काढायला सांगताना आधी आपण दोन पावलं मागे व्हा, त्यांना आवडतं." "आजोबांना ऐकू येत नसेल तर मास्कमुळे ओठ दिसत नाहीत, हे लक्षात ठेवा. पाटीवर लिहा." आणि 'दुखलं तर डावा हात वर करा' त्या शेवटच्या पानावर, ताईच्या वाक्याखाली, निळ्या शाईत:

"सीनियरने फोर्सेप्स घ्यायला हात पुढे केला तर घाबरू नका. म्हणा, ताई, दोन मिनिटं द्या."

मी ते वाक्य दोनदा वाचलं. त्या मुलाची दीड वाजता केस होती. वही त्याच्या खिशात परत ठेवली आणि पाट शोधायला गेले, तोही बुटका होता.